ब्लाउबर्गचा वारा

मागच्या डिसेंबरात केप टाउनहून व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ आला. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. काळ्या रबरी पोशाखात नखशिखांत झाकलेली एक मुलगी कमरेएवढ्या पाण्यात, आभाळात तिच्या डोक्यावर भलामोठा केशरी पतंग, आणि वाऱ्याचा असा आवाज की दुसरे काही ऐकूच येऊ नये. मुलगी फळीवर पाय टेकवते, पतंग एका बाजूला झेपावतो, ती उठते, चार-पाच सेकंद पाण्यावरून सरकते आणि तोंडावर आपटते. मागून कुणी म्हातारा माणूस ओरडतो, "ढील दे, बाय! ढील दे!"

तो आवाज माझ्या मामूंचा. मामू म्हणजे आईचे मामेभाऊ. मुलगी त्यांची नात, मला फुफी म्हणणारी. ती काइटसर्फिंग शिकते आहे, म्हणजे पतंगाच्या ओढीने पाण्यावरून फळी पळवण्याचा खेळ.

आईने व्हिडिओ तीनदा पाहिला. "एवढ्या गार पाण्यात पोरीला कशाला घातलंय?" एवढे म्हणून ती थांबली आणि मग म्हणाली, "आणि हा तिथे कसा गेला?"

आईचा पहिला प्रश्न सोपा आहे. दुसऱ्या प्रश्नासाठी हा लेख लिहायला घेतला. तो किनारा ब्लाउबर्गचा होता. मामू १९५२ पासून केप टाउनमध्ये राहतात, आणि घरापासून तासाभराच्या आत असलेल्या त्या किनाऱ्यावर सत्तर वर्षांत त्यांनी पाऊल ठेवले नव्हते.

आमचे कोकणी मुसलमान केपला कसे पोचले, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. दक्षिण आफ्रिकेतले हिंदी लोक म्हटले की आपल्याला नाताळमधले ऊसमळ्यांचे गिरमिटिये आठवतात, नाहीतर गुजराती व्यापारी आणि त्यांचे वकील गांधीजी. केप टाउनची गोष्ट वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतले, जंजिऱ्याच्या हबसाणातले मुसलमान पुरुष स्वतःच्या पैशाने तिकीट काढून तिथे जाऊ लागले. कुणी गोदीत मजुरी केली, कुणी डोक्यावर टोपली घेऊन भाजी-फळे विकली, काहींनी पुढे कोपऱ्यावर दुकान थाटले. बायका-मुले गावीच राहत. दर काही वर्षांनी माणूस गावी येई, घराला कौले घालून, एखाद्या मुलीचे लग्न लावून परत जाई. खेड, दापोली, चिपळूणकडे खाडीकाठच्या मुस्लिम वाड्यांत "आफ्रिकावाल्यांची घरे" अजून ओळखू येतात. आमच्या आजोळी अशी दोन होती.

या लोकांची कोकणी बोली आजही केप टाउनमध्ये पूर्ण मेलेली नाही. तिथल्या विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ राजेंद मेस्त्री आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी तिचा अभ्यास केला आहे. मला त्याचे कौतुक वाटते, कारण आपल्याकडे ही बोली मराठीच्या वर्गातही बसत नाही आणि उर्दूच्या वर्गातही नाही. मी दोन्ही विषय शिकवते, म्हणून सांगते.

आणि पैगाम नेणारेही इथूनच गेले. दक्षिण आफ्रिकेत सूफी साहेब म्हणून ज्यांना मानतात ते मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, कल्याणशी नाते असलेले. १८९५ साली ते डरबानला उतरले. केप टाउनची हबीबिया मशीद त्यांच्याच परंपरेतली. मामूंचे घर तिच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

जाणे सोपे होते तोवर लोक गेले. मग दारे लागत गेली. केप वसाहतीने १९०२ साली कायदा केला की आत येणाऱ्याला युरोपीय भाषेत लिहिता आले पाहिजे. १९०६च्या कायद्यात यिद्दिश ही युरोपीय भाषा धरली गेली, त्यामुळे पूर्व युरोपातल्या ज्यूंची सोय झाली. उर्दू, मराठी, गुजराती मात्र हिशेबात नव्हत्या. म्हणजे कुराण, बहिशती जेवर आणि मोडीतला हिशेब वाचणारा कोकणी माणूस त्या टेबलासमोर निरक्षर. आधीपासून तिथे राहणाऱ्याला गावी येऊन परत जायचे तर परवाना लागे, त्यावर फोटो आणि अंगठ्याचा ठसा. मुदत चुकली की आयुष्याची कमाई त्या किनाऱ्यावर राहिली. १९१३च्या कायद्याने नव्या माणसांची वाट जवळजवळ बंद केली. राहिली ती बायका आणि अल्पवयीन मुलांची फट. १९५३ साली तीही बुजवली गेली. मामू त्याच्या आदल्या वर्षी, आठ वर्षांचे असताना, आईचा हात धरून मुंबईहून आगबोटीत चढले. त्या काळी ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी मोम्बासा, झांझिबार करत डरबानला जात. तिथून पुढे रेल्वे.

मामूंनी बरोबर काय नेले, असे मी एकदा फोनवर विचारले होते. ते म्हणाले, एक फिरकी. गावात पतंग उडवायची. दोरा डरबानला कस्टमवाल्याने उलगडून पाहिला.

इथे वाऱ्याबद्दल थोडे बोलू, कारण हे सगळे वाऱ्याचेच प्रकरण आहे. कोकणी मुसलमान समुद्रावर नवे नाहीत. किंबहुना मराठीतली समुद्राची भाषाच अर्धी अरबी-फारसी आहे. बंदर, लंगर, दर्या, तुफान, नाखवा, सुकाणू, हे शब्द कुठून आले ते सातवीच्या मुलांना सांगितले की त्यांचे डोळे मोठे होतात. मोसम हा अरबी शब्द. त्यातूनच युरोपीय लोकांचा मॉन्सून झाला, आणि तोच आपण परत उसना घेतला. भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे असतात. खारे म्हणजे समुद्राकडून येणारे, हे मुलांना कळते. मतलई मात्र पाठ करतात. मतला म्हणजे अरबीत उगवण्याची जागा. आपल्या किनाऱ्यावर जमिनीकडचा वारा उगवतीकडून येतो, म्हणून तो मतलई. गझलेच्या पहिल्या शेराला मतला म्हणतात तोही हाच शब्द, गझल तिथून उगवते. एका तासात दोन्ही विषयांचा अभ्यास होतो.

तर अशा वाऱ्याच्या जाणकार लोकांच्या नशिबी केपचा वारा आला. त्याची गत निराळी. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, आग्नेयेकडून वारा सुटतो तो दिवसचे दिवस थांबत नाही. ताशी चाळीस-पन्नास किलोमीटर ही त्याची रोजची चाल. टेबल माउंटनच्या सपाट माथ्यावरून पांढरे ढग खाली ओघळतात. लोक त्याला टेबलावरची चादर म्हणतात. वारा शहरातली घाण आणि रोगराई उडवून नेतो अशा जुन्या समजुतीने त्याचे नाव पडले "केप डॉक्टर". नाव दिले त्यांची घरे डोंगराच्या आडोशाला असावीत. उघड्या रेताड मैदानात राहणाऱ्यांच्या भातात हा डॉक्टर वाळू टाकतो.

पाण्याचे गणित तर आपल्याला उलटेच वाटेल. हा वारा किनाऱ्यालगतचे वरचे पाणी खोल समुद्राकडे ढकलतो, त्याची जागा भरायला तळातले गार पाणी वर येते. त्यामुळे अटलांटिकच्या बाजूला भर उन्हाळ्यात, हवा अठ्ठावीस अंश असताना, समुद्र बारा-चौदा अंश, कधी दहासुद्धा. वारा जितका जोरात तितके पाणी गार. हिवाळ्यात उलट वाऱ्याची दिशा बदलते आणि पाणी थोडे बरे होते. आमच्या करावेच्या खाडीत पाय घातला तर डिसेंबरातही कोमट लागते. मुलीने सांगितले, "फुफी, पहिल्या मिनिटाला श्वासच घेता येत नाही. डोके बर्फात घातल्यासारखे दुखते."

मामूंचे लहानपण गेले डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये. बंदराजवळची, डोंगराच्या पायथ्याची दाटीवाटीची वस्ती. मलायी मुसलमान, मिश्रवंशी, कोकणी, गुजराती, ज्यू, आफ्रिकन, सगळे एका गल्लीत. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी सरकारने हा भाग गोऱ्यांसाठी राखीव जाहीर केला. १९६८ पासून घरे पाडायला सुरुवात झाली आणि १९८२पर्यंत साठ हजारांहून जास्त माणसे हलवली गेली. मशिदी आणि चर्च तेवढी उभी ठेवली. ओसाड माळावर नुसती प्रार्थनास्थळे, असे दृश्य राहिले. हिंदी लोकांसाठी रायलँड्स नावाचा भाग ठरवून दिला होता, मामूंचे कुटुंब तिकडे गेले. वाळूची वावटळ असलेले तेच ते उघडे मैदान.

समुद्रही वाटलेला होता. १९५३च्या स्वतंत्र सुविधा कायद्याने बाके, बसथांबे, पोस्टाच्या खिडक्या आणि किनारेसुद्धा वंशाप्रमाणे वेगळे केले. त्या कायद्याची मेख अशी की सुविधा वेगळ्या असाव्यात, पण सारख्या दर्जाच्या असल्या पाहिजेत असे नाही, हे त्यात स्पष्टच लिहिले होते. चांगले, डोंगराचा देखावा असलेले किनारे गोऱ्यांना. मामूंचे लोक दक्षिणेला फॉल्स बेच्या बाजूला स्ट्रँडफाँटेनला जात. ईदच्या दुसऱ्या दिवशी बिर्याणीची पातेली घेऊन. मामू म्हणतात, मजा येत असे, रडगाणे गाऊ नका. पण ब्लाउबर्गला मात्र बोर्ड होता. पोस्टकार्डावर टेबल माउंटनचे जे चित्र आपण पाहतो, निळे पाणी आणि पलीकडे सपाट डोंगर, ते बहुतेक वेळा ब्लाउबर्गच्या वाळूवरून काढलेले असते. म्हणजे स्वतःच्या गावाचा सगळ्यात देखणा चेहरा जिथून दिसतो ती जागा गावातल्या बहुतेक लोकांना बंद.

तो किनारा मुळातच साधा नाही. जानेवारी १८०६ मध्ये इंग्रजांनी डचांकडून केप घेतले ते इथेच. फौजेचा सेनापती होता डेव्हिड बेअर्ड. नाव ओळखीचे वाटले ना? ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणच्या तटावर चढाई करणारा तोच बेअर्ड, टिपू सुलतान पडला त्या दिवसाचा. सात वर्षांनी तो इथल्या लाटांपुढे उभा होता. सैन्य उतरवताना एक होडी उलटून तीसहून अधिक हायलँडर सैनिक बुडाले, लढाई दोन दिवसांनी झाली. इतिहास शिकवताना श्रीरंगपट्टणचा धडा संपला की बेअर्ड संपतो. तो पुढे कुठे गेला हे आपण विचारत नाही.

आणि समोर, सातेक किलोमीटरवर, रॉबेन बेट. वाळूवर उभे राहिले की ते सपाट बेट दिसते. मंडेलांबरोबर शिक्षा झालेले अहमद कथराडा १९६४ पासून १९८२पर्यंत तिथे होते. त्याही आधी, अठराव्या शतकात, डचांनी पूर्वेकडच्या बेटांतून आणलेले मुस्लिम कैदी तिथे ठेवले होते. त्यांतल्या सय्यद अब्दुर्रहमान मोतुरू यांची मजार तुरुंगाच्या आवारालगत आहे. बेटावरच्या कैद्यांना ब्लाउबर्ग दिसत होता, आणि ब्लाउबर्गवर ऊन खात बसलेल्यांना बेट. अठरा वर्षे एकमेकांसमोर.

१९ ऑगस्ट १९८९ रोजी, तिथल्या हिवाळ्यात, हजारो लोकांनी ठरवले की गोऱ्यांच्या किनाऱ्यांवर जाऊन सहल करायची. घोषणा-मोर्चा काही नाही, डबे घेऊन वाळूवर बसायचे. दोन किनारे निवडले, स्ट्रँड आणि ब्लाउबर्ग. आर्चबिशप डेस्मंड टूटू बरोबर होते. पोलिसांनी रस्ते अडवले, कुत्रे सोडले, चाबूक चालवले. समुद्राच्या पाण्यात पाय बुडवू द्यायचा नाही म्हणून एवढा बंदोबस्त, हे लिहितानाही विचित्र वाटते. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला नवे अध्यक्ष डी क्लार्क यांनी किनारे सर्वांना खुले झाल्याचे जाहीर केले, आणि पुढच्या ऑक्टोबरात मूळ कायदाच रद्द झाला.

मामू त्या ऑगस्टच्या दिवशी गेले नव्हते. पंचेचाळीस वर्षांचे होते, दुकान होते, चार मुले होती. त्यांचा एक शेजारी गेला आणि पाठीवर वळ घेऊन आला. पुढे किनारा खुला झाला तरी मामू गेले नाहीत. मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "मला आत यायला सांगणारे ते कोण?" मग हसून म्हणाले, "आणि पाणी फार गार आहे गो."

किनारा खुला झाला त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकांना हा पतंगाचा खेळ आकार घेत होता. पतंगाने माणूस ओढण्याची कल्पना जुनी. तिचा एक नायक माझ्याच पेशातला, ब्रिस्टॉलचा शाळामास्तर जॉर्ज पोकॉक. १८२६ साली त्याने पतंगांनी ओढली जाणारी घोडागाडी, म्हणजे बिनघोड्याची गाडी, पेटंट करून घेतली. गाडीला घोडा नाही म्हणून नाक्यावर टोल पडत नसे, असे सांगतात. मुलांना फटके मारण्याचे यंत्रही या गृहस्थांनी बनवले होते, त्याबद्दल शिक्षक म्हणून मी काही बोलत नाही. त्याने आपली मुलगी मार्था हिला खुर्चीत बसवून पतंगाने वर उचलले होते. हीच मार्था पुढे क्रिकेटच्या डब्ल्यू. जी. ग्रेसची आई. १९०३ साली सॅम्युएल कोडी याने पतंगाने ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडली. पण होडीतला माणूस कोरडा असतो. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाची अडचण वेगळी: पतंग पाण्यात पडला की चिंब होतो, उठत नाही, आणि माणूस गार पाण्यात लटकतो.

ही गाठ सोडवली ब्रिटनीच्या दोन भावांनी. फ्रान्सचा हा टोकाचा प्रांत, तोही वाऱ्याचा आणि गारठ्याचा. ब्रुनो आणि डॉमिनिक लगेन्यू यांनी नोव्हेंबर १९८४ मध्ये पेटंट घेतले ते असे की पतंगाचा कणा आणि फासळ्या म्हणजे हवा भरलेल्या नळ्या. सायकलच्या ट्यूबसारख्या. पतंग पडला तरी तरंगतो, आणि दोऱ्या योग्य ओढल्या की पाण्यावरून पुन्हा आभाळात चढतो. पुढची दहा-बारा वर्षे कुणी फारसे विचारले नाही, सगळ्यांना शिडाच्या फळीचे, विंडसर्फिंगचे वेड होते. १९९०चे दशक संपता संपता हवाईच्या माउई बेटावरून खेळ पसरला. तरी सुरुवातीचे पतंग धोकादायक होते. वारा वाढला तर त्यांची ओढ कमी करता येत नसे. लोक किनाऱ्यावरच्या भिंतींवर, गाड्यांवर आपटले. २००५च्या सुमाराला ब्रुनोनेच चपटा धनुष्याकृती पतंग आणला. हातातला दांडा सैल सोडला की त्याची ताकद जवळजवळ जाते.

आणि गारठ्याची सोय त्याआधीच झाली होती. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातले पदार्थवैज्ञानिक ह्यू ब्रॅडनर यांनी निओप्रीनचा पोशाख सुचवला. या रबरात बारीक बुडबुडे असतात, ते थंडी अडवतात. आत शिरलेले थोडे पाणी अंगाच्या उबेने तापते. मामूंच्या नातीचा पोशाख चार मिलिमीटरचा आहे, पायांत बूट, डोक्याला टोपडे. आईला वाटणारी मुख्य काळजी या टोपड्याने मिटवली. केस, मान, मनगट, सगळे झाकलेले. किनाऱ्यावर तिच्या स्कार्फकडे बघणारे होते, पाण्यात सगळेच सारखे काळे सील मासे दिसतात. थंड समुद्राचा हा एक फायदा कुणी पुस्तकात लिहिलेला मला आढळला नाही.

ती शिकली कशी, तेही विचारून घेतले. सुरुवात ब्लाउबर्गला नव्हे. शंभरेक किलोमीटर उत्तरेला लांगेबानचे खारे सरोवर आहे, पाणी उथळ आणि सपाट, तिथे. पहिला दिवस वाळूवरच, छोटा पतंग घेऊन. डोक्यावरच्या आभाळाला घड्याळ समजायचे. बरोबर बाराच्या जागी पतंग शांत उभा राहतो. तीन किंवा नऊकडे, पाण्यालगत, तोही मवाळ. पण वाऱ्याच्या थेट वाटेत, पोटासमोर आणला की हिसका बसतो. दुसऱ्या दिवशी फळीशिवाय पाण्यात, पतंगाच्या ओढीने नुसते फरफटत जायचे, फळी सुटली तर परत गाठायला हेच कामी येते. मग फळी. पतंग बारावरून एका बाजूला झटक्यात खाली न्यायचा, त्या ओढीने उठायचे. सगळ्यांत अवघड म्हणजे निघालो तिथेच परत येणे, वाऱ्याच्या अंगाने तिरके वर चढणे. तोवर प्रत्येक नवशिका फळी बगलेत मारून किनाऱ्याने पायी परत येत असतो. तिने त्या पायपिटीत दोन महिने काढले.

वाऱ्याचे गणित मी माझ्या वर्गातही घातले. वेग दुप्पट तर ओढ चौपट. शिवाय गार हवा जड असते. बत्तीस अंशांच्या हवेपेक्षा बारा अंशांची हवा सुमारे सात टक्के दाट, म्हणजे त्याच वाऱ्यात तेवढी जास्त ओढ. म्हणून थंड देशात पतंग लहान घेतात. ब्लाउबर्गच्या जोराच्या वाऱ्यात सात-आठ चौरस मीटरचा पुरतो. गोव्याला मोरजीच्या किनाऱ्यावर दुपारच्या मवाळ वाऱ्यात शिकणाऱ्यांना बरेच मोठे कापड लागते.

ब्लाउबर्गला आज जगातले लोक येतात. तिथल्या एका पट्ट्याचे नावच काइट बीच. २०१३ पासून "किंग ऑफ द एअर" ही उंच उड्यांची स्पर्धा केप टाउनला होते. माणसे पाण्यावरून दहा मजली इमारतीएवढी उंच जातात. २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, त्याच्या शर्यती मार्सेयला झाल्या. पतंग, फळी, पोशाख, शिकवणी मिळून खर्च एवढा की पाण्यात अजूनही बहुतेक गोरे आणि परदेशी पाहुणेच. बोर्ड निघाला, भाव राहिला. नातीने जुना पतंग घेतला, ठिगळ लावलेला, आणि पैसे शिकवण्या घेऊन साठवलेले.

मामू तिच्याबरोबर का गेले? तर ती पडत होती आणि का पडते ते तिला कळत नव्हते. तिने घरी व्हिडिओ दाखवला. मामूंनी पाहिला आणि म्हणाले, ही घाबरली की दोर स्वतःकडे ओढते. खरे तर हीच सगळ्या नवशिक्यांची चूक. तोल गेला की माणूस हातातला दांडा छातीशी कवटाळतो, आणि दांडा जवळ घेतला की पतंग आणखी ताकद धरतो. सोडायला हवा तेव्हा आपण ओढतो. तिचा शिक्षक इंग्रजीत हेच रोज सांगत होता. मामूंनी कोकणीत सांगितले, ढील दे. आठ वर्षांच्या वयात गावच्या माळावर शिकलेला शब्द. आणि मग म्हणाले, इथून सांगून होणार नाही, मला तिथे ने.

ऐंशी वर्षांचा माणूस काठी टेकत त्या वाळूवर गेला. किनाऱ्यावरच्या भिंतीला पाठ लावून, कानटोपी घालून बसला. तो व्हिडिओ त्या दिवसाचा. नातीने नंतर मला लिहिले की दादा पहिली दहा मिनिटे पतंगाकडे पाहतच नव्हते, बेटाकडे पाहत होते.

मी राहते ते करावे गाव. आगरी-कोळ्यांचे. गावाच्या अंगाला टी. एस. चाणक्य आहे, व्यापारी जहाजांचे अधिकारी घडवणारी संस्था. मूळ १९२७ची 'डफरिन' ही प्रशिक्षणनौका, १९७२ला 'राजेंद्र' आली, १९९३ पासून जमिनीवर 'चाणक्य'. डफरिन सुरू होईपर्यंत हिंदी माणसाला जहाजावर खलाशी म्हणून वाट होती, अधिकारी म्हणून नव्हती. आमच्या कोकणातल्या किती पिढ्या डेकवर दोर ओढत आणि तळाशी कोळसा भरत गेल्या, त्याचा हिशेब त्या फाटकावरून जाताना मी मनातल्या मनात करते. संध्याकाळी खाडीकडे रोहित पक्षी बघायला गर्दी होते. गावातली म्हातारी माणसे सांगतात की पूर्वी घरातून निघाले की भातखाचरे, मिठागरे आणि लगेच होड्या. १९७० साली सिडको आली, जमिनी गेल्या, पुढे गाव आणि खाडीच्या मध्ये पाम बीच रस्ता आला. आता खाडीवर जायचे तर सहा पदरी रस्ता ओलांडावा लागतो. एका आजोबांना मी मामूंचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी वाऱ्याकडे लक्ष दिले, मुलीकडे नाही. म्हणाले, "वारा किनाऱ्याला समांतर हाय, म्हंजे पोर भायर नाय जायाची. बरा हाय." पाहताक्षणी ओळखले.

संक्रांतीच्या आठवड्यात दुसरा व्हिडिओ आला. आमच्या इमारतीच्या गच्चीवर मुले पतंग उडवत होती, आई खुर्ची टाकून उन्हात बसली होती. तिच्या हातात फोन दिला. मुलगी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली, वळली आणि परत आली, निघाली होती तिथेच. मागे कुणाचा आवाज नव्हता.

"आज हा ओरडत नाही?" आईने विचारले.

मी नातीला फोन लावला. ती म्हणाली, दादा इथेच आहेत, पाण्यात घोट्यापर्यंत उभे आहेत. बूट काढून. आईने माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि मामूंना रागावू लागली की या वयात थंडी लागेल, बाहेर ये आधी.